रेडिओताईंची खोली

लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आधी सगळी बटणं दाबतो. मग दार बडवतो. मग आतल्या पाटीवरच्या नंबरावर फोन करतो, आणि तो फोन आमच्याकडे येतो. शहरातल्या साडेसहाशे लिफ्टची देखभाल आमच्या कंपनीकडे आहे. दुरुस्ती मेकॅनिक करतात. आम्ही फोन घेतो, पत्ता विचारतो, मेकॅनिक पाठवतो आणि तो पोचेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहतो. ऐकायला सोपं वाटतं. माझ्या सासऱ्यांना अजूनही वाटतं की जावई टेलिफोन ऑपरेटर आहे, आणि ते फारसे चुकत नाहीत.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. सहा टेबलं, भिंतीवर शहराचा मोठा नकाशा, आणि एक खिडकी, जिला कधीच कुणी पडदा लावला नाही. दुपारी ऊन थेट स्क्रीनवर यायचं. त्या खिडकीजवळ ताई बसायच्या. खुर्चीवर घरून आणलेली उशी, टेबलाखाली ऑफिसात घालायच्या सपाता, पाण्याच्या भांड्यावर झाकण. वय पंचावन्नच्या पुढचं, चष्म्याची दोरी गळ्यात, आणि आवाज असा की जिन्यातून वर येतानाच कळायचं, आज ताईंना फोन कुठून आलाय.

त्यांना रेडिओताई हे नाव मीच ठेवलं. कौतुकाने मुळीच नाही. नोकरी लागली त्या पहिल्याच आठवड्यात माझं डोकं उठलं होतं. फोनवर समोरचा जे सांगेल ते ताई जसंच्या तसं मोठ्याने परत म्हणायच्या. "हं, सातवा मजला. दोन लिफ्ट आहेत, त्यातली उजवी. आत तुम्ही आणि तुमचा कुत्रा. कुत्रा शांत आहे. बरं, मग तुम्हीही शांत राहा." हे दिवसभर. शेवटी मी म्हटलं, "ताई, त्यांनी सांगितलेलं त्यांनाच परत कशाला सांगता?"

"त्यांना कुठे सांगतेय?" ताई म्हणाल्या. "तुम्हाला सांगतेय."

मला कळायला महिना लागला. ताईंनी "सातवा मजला, उजवी" म्हणेपर्यंत पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी जवळच्या मेकॅनिकला फोन लावलेला असायचा. दुसरा त्या इमारतीच्या वॉचमनला गाठायचा. कुणी कुणाला सांगायचं नाही, विचारायचं नाही. ताई एका माणसाशी बोलायच्या आणि पाच जण कामाला लागायचे. हळूहळू सगळेच तसं बोलायला लागले. मीसुद्धा, पण जरा खालच्या आवाजात, कारण मी स्वतःला शहाणा समजत होतो.

त्या खोलीची आणखी एक रीत ताईंनीच घातलेली. माणूस बाहेर निघाला की ज्याचा फोन असेल त्याने ते सगळ्यांना सांगायचं. तक्रारीचा नंबर सांगायचा नाही, माणूस सांगायचा. "कुत्रेवाले काका बाहेर." मग हातातलं काम न थांबवता, मानही वर न करता सगळ्यांनी म्हणायचं, "बरं झालं." तेवढंच. घशाशी आलेला जीव त्या दोन शब्दांनी खाली बसायचा आणि पुढचा फोन घ्यायला हात मोकळा व्हायचा.

ताई या कामात आल्या त्याची गोष्ट खुद्द कंपनीच्या मालकांना सांगायला आवडत नाही. ताई मूळच्या टायपिस्ट. एका दुपारी फोन घेणारा माणूस रजेवर होता आणि फोन वाजत होता, म्हणून त्यांनी उचलला. पलीकडे साक्षात मालक. ते आमच्याच इमारतीच्या, आमच्याच कंपनीने बसवलेल्या लिफ्टमध्ये अडकले होते आणि तारस्वरात ओरडत होते. टायपिस्ट बाईंनी त्यांना सांगितलं, "आधी खाली बसा." मालक म्हणाले, खाली म्हणजे कुठे. "फरशीवर. मांडी घालून." मालक बसले. वीस मिनिटांनी दार उघडलं तेव्हा ते मांडी घालून, बूट काढून, आपल्या लहानपणच्या शाळेबद्दल बोलत होते. दुसऱ्या दिवसापासून ताई फोनवर.

"उभं राहिलं की माणूस घाबरतो," ताई आम्हाला शिकवायच्या. "बसला की कंटाळतो. मला कंटाळलेला चालतो."

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि मग मी अर्ज लिहिला.

कंपनीने नवीन सॉफ्टवेअर आणलं होतं. कुठेही बसा, इंटरनेट असलं की फोन तुमच्या कानात. माझं घर ऑफिसपासून सव्वा तासावर. रोजचे अडीच तास वाचणार या कल्पनेने मला सुचायचं बंद झालं, फक्त घरून काम करू देण्याचा अर्ज सुचला. त्यात मी जागेचं भाडं, विजेचं बिल, कर्मचाऱ्यांचं आरोग्य, सगळं घातलं. सगळ्या पाळ्या मिळून आम्ही अकरा जण. दहा सह्या एका दिवसात झाल्या. ताईंनी कागद दोनदा वाचला.

"लिहिलंयस छान," त्या म्हणाल्या. "पण मी सही करणार नाही. घरी माझं कोण ऐकणार?"

"भाऊजी आहेत की," मी म्हटलं. भाऊजी म्हणजे ताईंचे यजमान. घड्याळं दुरुस्त करायचे, आता घरीच असतात.

ताई हसल्या, पण सही केली नाही. त्या आमच्या विभागाच्या साहेबांकडे गेल्या आणि एक छोटी खोली तरी ठेवा म्हणाल्या. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, ती मला चार माणसांत बसून काढायचीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. साहेब म्हणाले, एकट्या माणसासाठी खोली ठेवता येत नाही. महिनाअखेरीला टेबलं गेली. ताईंनी उशी घेतली, सपाता घेतल्या आणि भिंतीवरचा नकाशा मागून घेतला. मी तेव्हा खाली गाडीत सामान चढवत होतो आणि मनातून खूश होतो.

घरी पहिले दोन महिने मजेत गेले. अर्धी चड्डी, हवा तेव्हा चहा, बाजूला पंखा. पण एक गोष्ट माझ्या आधी बायकोच्या लक्षात आली. "आपल्या इमारतीला लिफ्ट नाही," ती एकदा म्हणाली, "तरी घरात सगळे अडकलोय." माझा फोन चालू असला की घरात कुणी मिक्सर लावायचा नाही, मुलीने गाणं म्हणायचं नाही. वर मीच चिडायचो. एकदा एक माणूस चाळीस मिनिटं फोनवर रडत होता. तो बाहेर निघाला, मी हेडफोन काढला, आणि मुलगी म्हणाली, बाबा, पेन्सिलला टोक काढून द्या. मी तिच्यावर ओरडलो. तिचं काय चुकलं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. पूर्वी असे फोन मी त्या खोलीतच ठेवून यायचो. आता ते जेवणाच्या टेबलावर माझ्या शेजारी बसायला लागले. तरी अर्ज मीच लिहिलेला, त्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती.

मधे एकदा हेडफोन पोचवायला मी ताईंच्या घरी गेलो. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर, समोर भिंतभर नकाशा. ताई फोनवर होत्या. "चौथा मजला," त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या. स्वयंपाकघरातून भाऊजींचा आवाज आला, "उजवी की डावी?" भाऊजी भाजी चिरत होते. ताईंनी विचारून सांगितलं, "डावी." भाऊजी म्हणाले, "बरं." ते उत्तर देऊन करणार काय होते? ना त्यांच्याकडे मेकॅनिकचा नंबर, ना वॉचमनचा. पण ताई बोलतात तर कुणीतरी उत्तर द्यावं, म्हणून ते द्यायचे. मी हा किस्सा सगळ्या सहकाऱ्यांना फोन करकरून रंगवून सांगितला. सगळे पोट धरून हसले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ती दुपार आली.

एक वाजून वीस मिनिटांनी मला फोन आला. अकरा मजली इमारत, शेजारी शेजारी दोन लिफ्ट, त्यातल्या उजव्या लिफ्टमध्ये एक गृहस्थ तिसऱ्या मजल्याजवळ अडकलेले. मी मेकॅनिक पाठवला. पाच मिनिटांनी त्याच इमारतीतून दुसरा फोन आला, तो गेला ताईंकडे. डाव्या लिफ्टमध्ये एक बाई, आठव्या आणि नवव्या मजल्याच्या मधे. त्या पडदे शिवायच्या. नवव्या मजल्यावरच्या रिकाम्या घराच्या खिडक्यांची मापं घ्यायला आल्या होत्या. घरमालक परगावी, चावी वॉचमनकडून घेतलेली. त्यांची वाट बघणारं वर कुणीच नव्हतं. शाळा सुटली की चार वाजता मुलीला आणायचं होतं आणि मोबाइलची बॅटरी संपत आली होती. ताईंनी त्यांना खाली बसवलं. म्हणाल्या, फोन वाचवा, मी दर दहा मिनिटांनी करते.

नवीन सॉफ्टवेअर हुशार होतं. एकाच पत्त्यावरून दहा मिनिटांत दोन तक्रारी आल्या तर ते त्यांची एकच करायचं. माझी आणि ताईंची तक्रार एक झाली. मेकॅनिक पोचला, त्याने उजव्या लिफ्टमधल्या गृहस्थांना काढलं, मला फोनवर म्हणाला, "काढलं साहेब. एक पार्ट आणायला लागेल, दोन्ही लिफ्टचा मेन स्विच बंद करून जातोय." दोन्हींवर बंदची पाटी लावून तो निघाला. मी स्क्रीनवर लिहिलं, तक्रार बंद, सुखरूप. त्याच्याबरोबर ताईंची तक्रारही बंद झाली. मग मी जेवलो, मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावला आणि अर्ध्या तासाच्या सुट्टीत जरा आडवा झालो. ऑफिसात असतो तर मला जागं करायला ताईंनी टेबलावर पट्टी आपटली असती. घरात पट्टी आपटणारं कुणी नव्हतं. अर्ध्या तासाचा दीड तास झाला.

ताईंनी स्क्रीनवर वाचलं, सुखरूप. बाईंना फोन लावला तर तो बंद. त्यात नवल नव्हतं, बॅटरी संपणारच होती. दुसरं कुणीही असतं तर पुढचा फोन घेतला असता, आणि चूक काढायला कुणाला जागा नव्हती. पण ताईंचं एवढ्यावर भागायचं नाही. त्यांना माणूस लागायचा. कोण बाहेर आलं, हे कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि स्क्रीनवर ते लिहायला जागाच नव्हती. त्यांनी मला फोन केला. एकूण नऊ वेळा केला, ते मी नंतर मोजलं. मेकॅनिक स्कूटरवर होता, तो उचलेना. वॉचमन जेवायला गेलेला.

"तू डावी म्हणाली होतीस," स्वयंपाकघरातून भाऊजी म्हणाले. "आत बाई आहे म्हणालीस. बाई बाहेर आल्याचं काही तू बोलली नाहीस."

ज्या बोलण्यावर मी तीन आठवडे हसत होतो, ते हे.

ताईंनी साहेबांना फोनवर सांगितलं, मी जागा सोडतेय, कामातून काढायचं तर काढा. इमारत घरापासून पंचवीस मिनिटांच्या चालीवर होती. लिफ्ट बंद, म्हणजे जिना. गुडघ्यांनी केव्हाच हात टेकलेल्या ताई आठ मजले चढल्या. लिफ्ट मधेच कुठे सरकली असेल म्हणून प्रत्येक मजल्यावर डाव्या लिफ्टच्या दाराला तोंड लावून हाक मारायची आणि कान लावायचा. आठव्या मजल्यावर आतून दारावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. ती मापाची टेप होती, तिच्या लोखंडी टोकाने त्या बाई दीड तास दार वाजवत होत्या. ओरडून ओरडून घसा बसला होता.

मग ताई तिथेच फरशीवर बसल्या. शाळेला फोन करून मुलीला ऑफिसात बसवून ठेवायला सांगितलं आणि ते दारातून आत कळवलं. साहेबांना फोन, वर्कशॉपला फोन. मेकॅनिक परत येईपर्यंत पाऊण तास त्या बंद दाराशी बोलत होत्या. पडदे कसे शिवतात, चुण्या किती घ्यायच्या, सगळं विचारलं. आत अंधार होता आणि ती बाई खिडक्यांची मापं सांगत होती.

मी उठलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. नऊ मिस्ड कॉल पाहिले, सगळे ताईंचे.

दोन दिवसांनी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी रात्रभर जागून कारणं तयार केली होती. सॉफ्टवेअरने तक्रारी एक केल्या, मेकॅनिकने "काढलं" म्हटलं, कोणती लिफ्ट ते म्हटलं नाही. सगळं खरं होतं. पण ताई शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या, चष्मा पुसला, आणि माझ्याने त्यातलं एकही बोलवेना. मी म्हटलं, "मी झोपलो होतो."

साहेबांनी ताईंकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

"तो झोपला, ते वाईटच," ताई म्हणाल्या. "पण साहेब, तो झोपायच्या आधीच चूक झाली होती. तो माझ्या शेजारी असता तर एक पंचवीसलाच कळलं असतं. मी डावी म्हटलं असतं, तो उजवी म्हणाला असता. विचारायचीसुद्धा गरज नव्हती. आम्ही दोघं सारखेच चुकलो. खोलीच नव्हती."

साहेबांना बरं वाटलं असावं. ते म्हणाले, कंपनी ताईंचा सत्कार करणार आहे, प्रशस्तिपत्रक देणार आहे.

"प्रशस्तिपत्रक नको," ताई म्हणाल्या. "टेबल द्या."

साहेबांनी पुन्हा तोच पाढा सुरू केला, एकट्या माणसासाठी खोली ठेवता येत नाही. मी म्हटलं, "एकट्या नाहीत. दोघं आहोत." साहेब म्हणाले, दोघांसाठीही नाही, निम्म्याहून जास्त माणसं आणा, मग बघू.

पहिल्या अर्जाला दहा सह्या एका दिवसात झाल्या होत्या, कारण दहाही जण एकाच खोलीत यायचे. दुसऱ्या अर्जासाठी मला घरोघर जावं लागलं. आठ दिवस रोज संध्याकाळी. ज्यांना मी भाऊजींचा किस्सा रंगवून सांगितला होता, त्यांनाच आता त्याचा शेवट सांगत होतो. काहींनी दारातूनच नाही म्हटलं. एकीचं बाळ लहान होतं, तिला घर सोडवतच नव्हतं, आणि तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. ताई आणि मी धरून सात सह्या झाल्या. पहिली सही ताईंची.

खोली मिळाली ती वर्कशॉपच्या मागची, जिथे जुने दोर आणि दारांच्या पट्ट्या ठेवायचे. ग्रीसचा वास अजून गेलेला नाही. चार टेबलं मावतात, त्यामुळे पाळ्या लावून बसतो. भिंतीवर नकाशा परत आला. खिडकी एकच, आणि नशीब असं की ऊन पुन्हा स्क्रीनवर. माझा सव्वा तासाचा प्रवास परत सुरू झाला आणि मी त्याला रोज शिव्या घालतो. घरी मिक्सर चालतो. मुलगी गाणं म्हणते. संध्याकाळी मी दारात चपला काढतो तेव्हा माझ्याबरोबर दुसरं कुणी घरात येत नाही.

पडदेवाल्या बाई पंधरा दिवसांनी आल्या. खांद्यावर गुंडाळलेलं कापड, हातात तीच टेप. ताईंनी फोनवर कधीतरी खिडकीबद्दल सांगितलं असणार. ताई आत चहा करत होत्या. बाई स्टुलावर चढून पडदा अडकवत होत्या आणि मी स्टूल धरून उभा होतो.

"त्या दिवशी दार उघडलं ना," त्या म्हणाल्या, "तर मी बाहेर पडले आणि या ताई एकदम मोठ्याने म्हणाल्या, पडदेवाल्या ताई बाहेर. मेकॅनिक तर वर मशीनपाशी होता. जिन्यात कुणीच नव्हतं. मला वाटलं, कुणाला सांगतायत? पण त्या तशाच थांबल्या. कुणी काही म्हणेल म्हणून वाट बघावी तशा."

"मग?"

"मग मला राहवेना. कुणीच काही बोलत नाही म्हणून मीच म्हटलं, बरं झालं. आणि त्या माझ्या गळ्यात पडून रडल्या हो."

इतकी वर्षं शेजारी बसून मी ताईंना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि हे त्यांनी आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं. खोली घालवणाऱ्या अर्जावरचं माझं अक्षर मला आठवलं. फार वळणदार होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मी बाईंना हात देऊन खाली उतरवलं, टेबलाशी गेलो, उचलला, पलीकडून एक म्हातारा आवाज घाबऱ्याघुबऱ्या काहीतरी सांगू लागला.

"आधी खाली बसा, आजोबा," मी म्हटलं. "हं. सहावा मजला. डावी लिफ्ट." आतल्या खोलीत चहा करणाऱ्या ताईंनाही ऐकू जाईल, एवढ्या मोठ्याने म्हटलं.